डाव्या गुडघ्यापाशी

अश्विन लागला की भोपाळमध्ये आधी वास येतो. सप्तपर्णीचा. संध्याकाळी ही झाडं असा काही जड, गोडसर वास सोडतात की निम्म्या अरेरा कॉलोनीचं डोकं दुखायला लागतं. आईचंही दुखतं, पण ती खिडकी लावू देत नाही. "नवरात्राचा वास आहे, येऊ दे घरात," म्हणते आणि कपाळाला बाम चोळून बसते. आई चौऱ्याऐंशीची, मी साठीला टेकलेली. घरात आम्ही दोघीच आणि दोघीही हट्टी. खिडकी उघडी राहते आणि माझं तोंड बंद राहतं.

यंदाही वास आला. ठेल्यांवर ओले शिंगाडे दिसू लागले, सीताफळांनी डोळे उघडले, गल्लीच्या तोंडाशी झाँकीचा, म्हणजे देवीच्या देखाव्याचा, मांडव उभा राहिला. मी परडीत काळी माती घालून गहू पेरले, घट बसवला. वात आईने स्वतः वळली. आणि दुसऱ्या माळेला, सकाळी चहाच्या वेळी, पिपलानीहून पंडितजींचा फोन आला.

"मैडम, मैया ने चोला छोड़ दिया."

हे पंडितजी माझेच विद्यार्थी. तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, त्यातली चार वर्षं हे मागच्या बाकावर बसून पेंगत. आता ते पिपलानीतल्या कडुनिंबाखालच्या देवीची पूजा बघतात. ती देवी म्हणजे आमची भवानी. पन्नास वर्षांपूर्वी भवानी म्हणून तिला पहिला शेंदूर लावला तो माझ्या आईने.

चोला म्हणजे काय, हे पुण्याच्या मावसबहिणींना मला दर वेळी समजावावं लागतं. इकडे शेंदूर तेलात कालवून देवाच्या अंगावर चढवतात, तो चोला. थरावर थर बसत जातो, नाक बुजतं, हात बुजतात, शेवटी नुसता केशरी गोळा उरतो आणि त्याला चांदीचे डोळे चिकटवतात. मग एके दिवशी तो सगळा थर आपल्याच भाराने सुटून पडतो. लोक त्याला अपशकुन मानत नाहीत. देवाने जुने कपडे टाकले म्हणतात, पेढे वाटतात. म्हणून मीही म्हटलं, "अरे वा! बधाई हो."

मग ते हळूच म्हणाले, "आप एक बार आकर देख लीजिए. माताजी को अभी मत लाइएगा."

चहा तसाच राहिला.

तो पन्नास वर्षांपूर्वीचा अश्विन मला आठवतो तो तुकड्यातुकड्यांनी. मी नऊ वर्षांची होते. बाबा पिपलानीच्या कारखान्यात टर्नर. सकाळचा भोंगा, सायकलींची रांग, एकसारखी क्वार्टर्स, प्रत्येकीपुढे पेरूचं एकेक झाड. आमच्या ओळीत मराठी घरं पाच-सहा होती. त्या श्रावणात आमच्याकडे बाळ येणार होतं. माळ्यावरचा पाळणा खाली काढून बाबांनी त्याच्या कड्यांना तेल दिलं होतं. आई दवाखान्यात गेली आणि चार दिवसांनी रिकाम्या हातांनी परत आली. पाळणा पुन्हा माळ्यावर गेला. कोणी मला काही सांगितलं नाही आणि मी काही विचारलं नाही. एवढं कळलं की आता आईशी मोठ्याने बोलायचं नाही.

मग नवरात्र आलं. दर दोन वर्षांनी आमचं घर तुळजापूरला कुळाचाराला जायचं. त्या वर्षी बाबांना रजा मिळाली नाही. आईने घटही बसवला नाही. शेजारच्या बायकांनीच मग शोध लावला. क्वार्टर्सच्या मागे, जिथे टाउनशिप संपून माळ सुरू व्हायचा, तिथे कडुनिंबाखाली अर्धा मातीत गेलेला एक दगड होता. तेलाने, धुराने, जुन्या शेंदराच्या गाठींनी काळाठिक्कर. पायाशी माती उकरली तर सिंह निघाला. सिंह म्हणजे देवी, आणि आम्हा मराठी घरांची देवी म्हणजे भवानी, याच्यापुढे कोणाला पुरावा लागत नव्हता. "आपण जाऊ शकलो नाही, तर तीच आली बघा," असं म्हणून बायकांनी आईला उठवून तिथे नेलं.

आई खरंच उठली. दुसऱ्या दिवशी पहाटे, बाकीच्या बायका यायच्या आत, ती नारळाची शेंडी, बादली आणि शेंदराची पुडी घेऊन एकटीच गेली. परत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. ती नळाखाली हात धरून बसून राहिली. कितीतरी वेळ. पाणी स्वच्छ वाहायला लागलं तरी उठेना. रंग निघत नसेल, असं मला वाटलं. मग ती आत आली आणि बाबांना म्हणाली, "भवानीच आहे. डाव्या गुडघ्यापाशी महिषाचं डोकं आहे. मला त्रिशूळ करून द्या."

आईने त्या महिन्यात मागितलेली ती पहिली गोष्ट. बाबांनी भंगारातली सळई घेतली, रोज जेवणाच्या सुट्टीत लेथपाशी उभं राहून तिचा त्रिशूळ केला. काय देखणा केला होता! टोकं कशी सुईसारखी. अष्टमीला आईने तो दगडाच्या डाव्या गुडघ्यापाशी, शेंदरातून वर आलेल्या त्या गोल गाठीवर उलटा रोवला आणि दांडा मागे झाडाला बांधला. महिषासुर मेला. बायकांनी आरती म्हटली, आणि आई दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. आमच्या घराच्या दृष्टीने ती देवी त्या दिवशी जागृत झाली.

एकच माणूस खूश नव्हतं. सुखियाबाई. ती आमच्या ओळीत पाटी घेऊन यायची, पेरू, शिंगाडे, जंगलातली बोरं विकायची. गोंड होती. जिथे आमची टाउनशिप उभी राहिली तिथे कधी तिचं गाव होतं, आणि तो दगड तिच्या गावाची खेरमाई, म्हणजे गावदेवी. पाटी रिकामी झाली की ती कडुनिंबाखाली जायची आणि दगडाच्या डाव्या अंगाला एका वाटीत थोडं दूध ठेवायची. आम्ही यायच्या आधीपासून ठेवत होती, आम्ही आल्यावरही ठेवत राहिली.

त्रिशूळ बघून ती आमच्या दारात आली. तिचा आवाज चिरका होता, मला अजून ऐकू येतो.

"बाई, वो हटा लो. खेरमाई की गोद में मोड़ा है. मोड़े को लग रई है."

मोड़ा म्हणजे मूल. आई दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला, एवढं मला दिसलं. "वहाँ कोई बच्चा-वच्चा नहीं है," ती म्हणाली. तिचं हिंदी तेव्हा कच्चं होतं. "राक्षस है. आप जाओ."

"मेरी आजी ने हाथ से छुआ था बाई. मोड़ा है."

"जाओ म्हटलं ना!"

सुखिया गेली, पण दुसऱ्या दिवशी वाटी होतीच. तिसऱ्या दिवशीही. बायका म्हणायच्या, मुंग्या होतात, आणि राक्षसाला कोणी दूध पाजतं का? चौथ्या दिवशी आई मला म्हणाली, "जा, ती वाटी उचल आणि टाकून ये." मी गेले, वाटी उचलली आणि दुधासकट मागच्या नाल्यात भिरकावली. लांब गेली म्हणून मला आनंद झाला होता. वळून बघते तर झाडाखाली सुखिया उभी. ती ओरडली नाही. पाटी डोक्यावर घेऊन गेली, आणि त्यानंतर आमच्या ओळीत कधी आली नाही. शिंगाडेवाला दुसरा आला.

हे सगळं मी विसरले नव्हते, पण आठवायचं कारणही पडलं नव्हतं. शिवाय पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले, तेव्हा मला या विषयातलं सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. दर वर्षी आठवीची मुलं घेऊन मी सांचीला जायची. तोरणावर कमळात बसलेली बाई आणि तिला न्हाऊ घालणारे दोन हत्ती दाखवायची. कोण ही? मुलं ओरडायची, "लक्ष्मीजी!" मग मी ठेवणीतल्या आवाजात सांगायची की बौद्धांच्या स्तूपावर ही बुद्धाची आई मायादेवी असंही म्हणतात, आणि या दोघींच्याही आधी ती कोणा तळ्याकाठच्या लोकांची पाण्याची, पिकाची कोणी असेल. माझ्या आजोळी जुन्नरजवळ बौद्ध लेण्यात गणपती बसलाय, तेही सांगायची. देव मरत नाहीत, घरं बदलतात, नावं बदलतात, कपडे बदलतात. हे वाक्य माझं फार आवडतं होतं. मुलं वहीत उतरवून घ्यायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

तर त्या सकाळी मी ऑटो करून पिपलानीला गेले. आता तिथे ओटा आहे, मागे भिंत आहे, टाइल्स आहेत, लोखंडी जाळी आहे; त्रिशुळाचा दांडाही झाडाऐवजी भिंतीतल्या कड्यात अडकवलेला असतो. पंडितजींनी पडदा लावून ठेवला होता. "भक्तों को बोला है, मैया सिंगार कर रही हैं," म्हणाले आणि त्यांनी पडदा सारला.

मी चप्पल काढून ओट्याजवळ गेले.

पन्नास वर्षांचा शेंदूर ओट्यावर ढेकळांसारखा पडला होता आणि दगडातून एक बाई माझ्याकडे बघत होती. आठ हात नव्हते, दोनच होते. एका हातात आंब्याचा घोस. डोक्यावर आंब्याची फांदी, पानन् पान कोरलेलं, आणि फांदीच्या वर, अगदी शेंड्याला, अंगठ्याएवढी ध्यानस्थ मूर्ती. कोणा तीर्थंकराची. खाली आमचा सिंह. ही अंबिका होती. जैनांची यक्षी, आंब्याखालची आई. संग्रहालयात मी मुलांना दहा वेळा दाखवलेली. आणि तिच्या डाव्या मांडीवर, गुडघ्याला एक पाय टेकवून, मूल बसलं होतं. गुटगुटीत. एक मूठ आईच्या गळ्यातल्या माळेत अडकवलेली.

बाबांच्या त्रिशुळाची तिन्ही टोकं त्या मुलाच्या डोक्यावर टेकलेली होती. टाळूवर गंजाचे तीन डाग होते. एक ओघळ गालापर्यंत आला होता.

मला ओरडावंसं वाटलं, की कोणीतरी काढा रे ते! आणि कानात तोच चिरका आवाज. मोड़े को लग रई है. पन्नास वर्षं दर अष्टमीला आम्ही इथे येत होतो. मी स्वतः त्या गाठीला हळदकुंकू वाहिलं होतं, मेलेल्या राक्षसालाही मान द्यावा म्हणून. सुखियाला माहीत होतं. तिच्या आजीला माहीत होतं. मागच्या पाच पिढ्यांतल्या एकाही शिंगाडेवालीने शाळेचं तोंड पाहिलं नसेल, आणि त्यांना माहीत होतं.

पंडितजी अदबीने खाकरले. "मैडम, दो लोग देख गए हैं. कहते हैं हमारी अंबिका माता हैं. झगड़ा नहीं किया, हाथ जोड़कर गए. पर बात फैलेगी. मैं तो कहता हूँ अष्टमी से पहले नया चोला चढ़ा दें. किसी को पता भी नहीं चलेगा. बस माताजी से पूछ लीजिए, पहला चोला उन्हीं का था."

"और ये?" मी त्रिशुळाकडे बोट दाखवलं.

"वो भी ढँक जाएगा." मग ते जरासे हसले. "आप ही तो पढ़ाती थीं, देवता कपड़े बदलते हैं."

पुढचे पाच दिवस मी घरात चोरासारखी वावरले. घटातले गहू बोटभर वर आले, पिवळे, कोवळे. गल्लीत गरबा सुरू झाला. आई रोज विचारायची, "अष्टमीला किती वाजता निघायचं?" आणि मी म्हणायची, बघू. तिला सांगायचं तरी कसं? त्या देवीच्या आधारावर ती उभी होती. बाबा गेले तेव्हा, स्वतःचं ऑपरेशन झालं तेव्हा, तिने डोळे मिटून त्याच केशरी गोळ्याला हाक मारली होती. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिला सांगू, की तुझी भवानी भवानी नाही? आणि तू ज्याला राक्षस म्हणालीस ते लेकरू होतं? धक्क्याने काही झालं म्हणजे? चोला चढवून टाकावा, असंच मी ठरवत होते. एवढी वर्षं झाकलं, आणखी चार वर्षं. तिच्यानंतर बघता येईल.

रात्री पडल्या पडल्या मी डोक्यात थर लावत बसायचे. आधी जैनांची अंबिका, मग सुखियाची खेरमाई, मग आमची भवानी. पण जैनांनी तरी तिला कुठून आणली? मांडीवर मूल घेऊन झाडाखाली बसलेली बाई त्यांच्या आधीपासून या मुलखात असणारच. कदाचित ती पहिल्यापासून खेरमाईच असेल, जैन कारागिराने तिला फक्त सुंदर केलं असेल आणि वर आपला जिन बसवला असेल. कोण आधीचं आणि कोण नंतरचं, हा शिडीसारखा सरळ हिशोबच नव्हे. जो आला त्याने तिला आपल्या नावाने हाक मारली. पण सगळ्यांनी तिचं मूल तिच्या मांडीवर राहू दिलं होतं. आम्हीच तेवढे वेगळे निघालो.

सप्तमीच्या संध्याकाळी आईने मला समोर बसवलं. "काय लपवतेस?" तिने विचारलं. साठ वर्षांच्या बाईलाही आईपुढे खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "देवीने चोला सोडलाय. खालून वेगळीच मूर्ती निघाली." पुढचं जमलं नाही. आई माझ्याकडे बघत राहिली. तिची नजर आता अधू झाली आहे, चेहरे तिला धुरकट दिसतात. "उद्या सकाळी लवकर ने मला," म्हणाली. "नवा चोला चढायच्या आत."

अष्टमीला आम्ही उजाडता उजाडता पोचलो. आईच्या मांडीवर ओटीचं ताट, खण, नारळ, तांदूळ. पंडितजींनी शेंदूर कालवून तयार ठेवला होता. मी आईला धरून ओट्यावर नेलं आणि तिला बसवलं. तिला दिसत नव्हतं. सांगायला मी तोंड उघडलं, पण तिने हात वर करून मला थांबवलं आणि मूर्तीवर ठेवला. तो इकडेतिकडे चाचपडला नाही. सरळ डाव्या गुडघ्यापाशी गेला, त्रिशुळाच्या टोकांमधून आत शिरला आणि त्या मुलाच्या डोक्यावर थांबला. मग नाक. मग गाल. मग ती छोटी मूठ.

"नाक झिजलं नाही अजून," आई म्हणाली.

मला काही समजेना. मग समजलं.

"आई, तुला माहीत होतं?"

"शेंडीने घासत होते त्या पहाटे. पहिलं हेच लागलं हाताला." तिचा आवाज अगदी रोजचा होता. "तिच्या मांडीवर होतं आणि माझ्या नव्हतं. असा राग आला मला! मांडीवर मूल घेतलेल्या बाईपुढे मी हात कसे जोडणार होते त्या वर्षी, तूच सांग. मला तलवार धरलेली हवी होती. म्हणून भरून टाकलं शेंदराने. मग म्हटलं, राक्षस आहे."

"पण त्रिशूळ?"

आईचा हात त्या मुठीवरून निघाला नाही. पंडितजी शेंदराची वाटी हातात धरून तसेच उभे होते. त्यांना मराठी येत नाही, पण सगळं समजल्यासारखे ते मागे सरकले.

मी इतिहासात शिकवायची, लोक न कळून असं करतात. ऐकीव गोष्टींमुळे, काळ लोटल्यामुळे, भाषा बदलल्यामुळे. माझ्या आईने सगळं कळून, एका पहाटेत, एकटीने देव बदलला होता. आणि आम्ही सगळ्यांनी पन्नास वर्षं त्याची आरती केली. मला तिचा राग आला, आणि त्याच क्षणी माळ्यावरचा पाळणा आठवला. दोन्ही एकदम सोसवेनात.

"काढ तो," आई म्हणाली.

मी दांडा भिंतीतल्या कड्यातून वर ओढला. बाबांचं काम, कुठे अडकलं नाही. आईने पदराच्या टोकाने मुलाच्या टाळूवरचे डाग पुसले. ते गेले नाहीत. मग तिने ओटी भरली, नेहमीसारखी, खणाची घडी मोडून. पंडितजींनी विचारलं, "माताजी, चोला?" आई म्हणाली, "मैया को चढ़ाओ. बच्चे को मत लगाना."

आम्ही ऑटोने परत निघालो. रस्त्याच्या कडेला शिंगाडेवाल्या टोपल्या मांडून बसू लागल्या होत्या. एका टोपलीजवळून गेलो तेव्हा आईने मान वळवली, पण तिला काही दिसलं नसणार.

"सुखियाची वाटी तू कुठे टाकलीस ग?" तिने विचारलं.

"मागच्या नाल्यात."

"हं." पुढचा चौक मागे पडला. मग म्हणाली, "पितळेची होती. तिच्या लग्नातली असणार."